उंदीर पडले की घर सोडायचं

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आजी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात वाढली. तिच्या लहानपणी घरात एक नियम होता. सकाळी सोपा झाडताना मेलेला उंदीर दिसला तर त्याला कुणी हात लावायचा नाही, थोरल्या माणसांना हाक मारायची. आणखी दोन-तीन पडले की त्याच दिवशी भांडी, जनावरं, म्हातारीकोतारी, सगळं घर रानात. तिथं झोपडी उभी करायची आणि थंडी सरेपर्यंत तिथंच राहायचं. आजी म्हणायची, "उंदरं पडली की घर सोडायचं. गाठ यायची वाट बघायची न्हाई."

ही गाठ प्लेगची. काखेत नाहीतर जांघेत यायची, अंगात ताप भरायचा आणि चार-पाच दिवसांत माणूस जायचं. आजीच्या त्या वाक्यात या रोगाचं सगळं मर्म होतं. ते मर्म विज्ञानाच्या हाती कसं लागलं, ते आज सांगतो.

सुरुवात मुंबईची. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकॅशियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं ओळखलं. व्हिएगस मूळचे आपल्या शेजारच्या गोव्याचे. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची वखार. गोदामात पोत्यांच्या थप्प्या आणि त्यांच्या अवतीभवती दाटीवाटीनं राहणारी माणसं. प्लेग त्याआधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये माजला होता आणि तिथंच येर्सिन या जंतुशास्त्रज्ञानं त्याचा जंतू शोधून काढला होता. म्हणजे जंतू माहीत होता. तो माणसापर्यंत पोचतो कसा, एवढंच माहीत नव्हतं.

आणि तेवढ्यानंच घात केला. रोग माणसांकडून, घाणीतून, हवेतून येतो असं धरून सरकारनं माणसांनाच धरलं. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. रेल्वे स्टेशनांवर उतारूंच्या काखा-जांघा तपासल्या, बायकांच्या अब्रूचीही पर्वा राहिली नाही. घरं कार्बोलिक या जंतुनाशकानं धुतली, कौलं उतरवली, आजाऱ्यांना ओढून नेलं. पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत शिरले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलोच. एवढा जुलूम करूनही साथ हटली नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण माणसांची झडती चालू असताना गोदामातला उंदीर मोकळा होता. खरं तर मेलेल्या उंदरांची खूण लोकांच्या डोळ्यांसमोर होती. गढवालच्या डोंगरांतले लोक तर मुंबईच्या साथीच्या कितीतरी आधीपासून उंदीर मरायला लागले की गाव सोडून जात.

उलगडा केला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं, १८९८ मध्ये कराचीत. काही रोग्यांच्या अंगावर चावल्यासारखे बारीक फोड त्यांना दिसले होते आणि त्या फोडांत प्लेगचे जंतू सापडले होते. मग त्यांनी प्लेगचा उंदीर पिसवांसकट एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला. त्याच बरणीत, त्याला शिवू शकणार नाही असा, जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर ठेवला. पहिला उंदीर मेला आणि काही दिवसांनी दुसराही प्लेगनंच मेला. दोघं एकमेकांना शिवलेच नव्हते. मधे होती ती फक्त पिसू.

सिमाँचं म्हणणं बरीच वर्षं कुणी मानलं नाही. पुढं १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत पुन्हा प्रयोग झाले. गिनीपिग पिंजऱ्यात घालून पिसवांच्या उड्या पोचणार नाहीत इतके उंच टांगले, तर ते वाचले. जमिनीजवळ ठेवले ते मेले. तेव्हा कुठं शंका फिटली.

आता आपलं जुनं घर डोळ्यांपुढं आणा. वर कौलं, खाली माळा, माळ्यावर अडगळ, कोपऱ्यात भाताची कणगी, आणि सारवलेल्या जमिनीवर वाकळ टाकून झोपलेली माणसं. काळ्या उंदराला याहून चांगलं बिऱ्हाड नाही. उंदराच्या अंगावरची पिसू एरवी त्यालाच चावते. उंदीर प्लेगनं मेला, अंग थंड पडलं, की ती त्याला सोडते आणि जवळचं ऊबदार रक्त शोधते. दुसरा उंदीर मिळाला तर ठीक, नाहीतर झोपलेलं माणूस. पिसू बहुतेक पायाला चावते, म्हणून गाठ जास्त करून जांघेत. जंतूंनी तिची अन्ननळीच तुंबते, हे १९१४ मध्ये कळलं. पोट भरत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याबरोबर जंतू आत ढकलते.

मुंबईहून आपल्याकडं साथ आली ती याच वाटेनं, धान्याच्या पोत्यांतून आणि पळून येणाऱ्यांच्या गाठोड्यांतून. १८९७ सालच्या सुरुवातीला मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती. रूळ मिरजेवरून बेळगाव, लोंढा, पुढं हुबळीपर्यंत आलेले होते. १८९८ मध्ये हुबळीत मोठी साथ झाली. तिथं जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस तीस हजारांहून जास्त लोकांनी टोचून घेतली. ही लस हाफकिन यांनी आधी, १८९७ च्या जानेवारीत, स्वतःलाच टोचून पाहिली होती. बेळगावातही प्लेगच्या अभ्यासकांनी १९०८-०९ मध्ये निरीक्षणं केली. (तिलकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोचा याच्याशी संबंध नाही, तिथं देवीची लस बनत असे.) दख्खनच्या पठारावर साथ पावसाळ्यात डोकं वर काढायची आणि उन्हाच्या तडाख्यात ओसरायची, कारण कोरड्या उन्हात पिसवा फार जगत नाहीत.

पण गाव सोडण्याचे प्रकार दोन. माळावर गेले ते वाचले, कारण उघड्या रानातल्या नव्या झोपडीत घरउंदीर नव्हता. पाहुण्यांच्या घरी गेले त्यांनी नकळत गाठोड्यातून पिसवा नेल्या, आणि आठ-पंधरा दिवसांनी तिथले उंदीर पडू लागले. जीव वाचवायला धावलेल्या माणसाला यात दोष कसा द्यायचा? त्याला सांगणारंच कुणी नव्हतं.

आजीच्या आईनं हे कुठून ओळखलं, कोण जाणे. साथीत शहापूरहून मामा आला, तर ती त्याला रानातल्या झोपडीबाहेरच थांबवायची. भाकरी बाहेर द्यायची. त्याचं गाठोडं सोडायची आणि धोतर, घोंगडं, वाकळ सगळं तापलेल्या खडकावर पसरून ठेवायची. दिवसभर, उलटून पालटून. मामा रागवायचा. ती म्हणायची, "राग धर, पर कापडं उन्हात राहू दे."