उसाची गोडी सांगणारा उजेड

श्रोतेहो, नमस्कार. तोडणीचा हंगाम जवळ आला की खानापूरपासून चिकोडी-निपाणीपर्यंत बांधाबांधावर एकच प्रश्न निघतो: ऊस तयार झाला का? कोणी पाचट बघून सांगतं, कोणी कांडं चघळून. पण याचं पक्कं उत्तर उजेडाकडून काढून घेता येतं.

उजेड हवेतून पाण्यात तिरका शिरला की वाकतो. शाळेत आपण याला अपवर्तन म्हणतो. त्यामुळेच विहिरीतलं 12 फूट पाणी वरून सरळ खाली पाहिलं तरी 9 फुटांचंच वाटतं. मलप्रभेच्या डोहात उतरणाऱ्या पोरांना हे आधी सांगाच. चष्मा, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक यांची भिंगंही याच वाकण्यावर चालतात.

पाण्यात साखर विरघळली की हे वाकणं वाढतं. उजेड किती वाकतो ते सांगणाऱ्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक 1.333, 100 ग्रॅम द्रावणात 20 ग्रॅम साखर असेल तर तो 1.364 होतो. एवढासा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही, हातात मावणाऱ्या ब्रिक्स मीटरला कळतो. त्याच्या लोलकावर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून नळीतून बघायचं. वर निळा, खाली पांढरा भाग दिसतो. विशिष्ट कोनापलीकडे उजेड पोचतच नाही, म्हणून मधली रेघ उमटते. साखर जास्त, तेवढी रेघ वर. पट्टीवरचा तो आकडा म्हणजे ब्रिक्स: 100 ग्रॅम रसात विरघळलेला ऐवज साधारण किती ग्रॅम आहे, ते तो सांगतो.

आता महत्त्वाचं. एकाच उसाचा रस घेऊन निकाल लावू नका. शेताच्या वेगवेगळ्या भागांतले ऊस घ्या, आणि बुडख्याचा व शेंड्याकडचा रस वेगवेगळा तपासा. कोवळ्या उसात बुडखा गोड आणि शेंडा फिका असतो. ऊस पिकत जातो तसं हे अंतर मिटत जातं. मला स्वतःला नुसत्या ब्रिक्सपेक्षा ही तुलना जास्त भरवशाची वाटते. कारण ब्रिक्समध्ये साखरेबरोबर रसातले क्षारही मोजले जातात. कारखान्याच्या प्रयोगशाळेत म्हणूनच साखरेची वेगळी तपासणी होते.

मीटरची पट्टी 20 अंश सेल्सिअसला धरून आखलेली असते. आपल्याकडे दुपारी 30 अंश असेल, तर ब्रिक्सचा आकडा जवळपास पाऊणने कमी दिसतो. काही मीटर ही दुरुस्ती आपोआप करतात; नसेल तर सकाळी मोजा. सुरुवातीला शुद्ध पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आणा, आणि प्रत्येक रसानंतर लोलक पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसा. आधीचा रस चिकटून राहिला तर पुढच्या उसाचा आकडा खोटा येतो.

गावात चार-पाच जणांनी मिळून एक मीटर घेतलं तरी पुरतं.