वडगावचा विजयस्तंभ आणि इष्टुर फाकडा

(दृश्य: विजयस्तंभ, मागून वाहतुकीचा आवाज)

पानिपत म्हटलं की आजही आपला जीव हळहळतो. पण त्याच मराठी फौजेने अवघ्या १८ वर्षांत, पुण्याच्या उंबरठ्यावर, इंग्रजांना शरण आणलं. ते हे वडगाव मावळ. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने आपण कितीदा गेलो असू, इथे उतरलो किती जण?

(दृश्य: महादजींचा पुतळा)

हे महादजी शिंदे, त्या मराठी फौजेचे एक सेनानी. पानिपतावर पाय अधू झाला, उमेद नाही.

(दृश्य: बोरघाट, धुकं)

नोव्हेंबर १७७८. राघोबादादांना पुण्याच्या कारभारावर बसवायला मुंबईहून इंग्रज निघाले. माणसं सुमारे ३,९००. सामान वाहायला बैल १९,०००! एवढा पसारा घाटातून वर यायचा म्हणजे मुंगीची चाल. मराठ्यांनी तोंडावर मोठी लढाई दिलीच नाही. वाटेतला दाणागोटा हलवला, वैरण जाळली, मागची रसद तोडली. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावात पोचले, तर गाव ओस.

(दृश्य: तळेगावचं तळं, संथ पाणी)

दोन दिवसांत धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलल्या, साठा पेटवला आणि फौज अंधारात गुपचूप माघारी फिरली. मराठे जागेच होते. पाठलाग झाला, आणि वडगावात वेढा पडला.

(दृश्य: पोलीस ठाण्याचं आवार, समाधी)

ही समाधी मात्र शत्रूची आहे. कॅप्टन स्टुअर्ट. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने पडला. त्याची धडाडी आपल्या माणसांनी समोरून पाहिली होती. मराठी जिभेवर स्टुअर्टचा 'इष्टुर' झाला आणि पुढे लागलं 'फाकडा'. हे बिरुद असं कुणालाही मिळत नसे. मानाजी शिंदे फाकडे, कोन्हेरराव एकबोटे फाकडे, आणि त्यांच्याच पंगतीत हा गोरा. मेलेल्या वैऱ्याला एवढा मान देणारी ती माणसं, आणि त्याच मावळात लोक आजही त्याला हार घालतात.

(दृश्य: स्तंभावर संध्याकाळचं ऊन)

१६ जानेवारी १७७९ ला तह झाला. मुंबईजवळच्या साष्टी बेटासकट १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत देण्याचं इंग्रजांनी कबूल केलं. कलकत्त्यातल्या कंपनीच्या वरिष्ठ सरकारने तो तह मानला नाही. युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं.

(निवेदन थांबतं. समाधीवरचा हार, जवळून.)