फळी घेताना आधी टोक बघा

रंध्यातून हे पिवळेधमक पापुद्रे निघतायत ना, हा फणस. आत्ता हळद लावल्यासारखा दिसतोय, पण उजेडात राहून राहून तांबूस तपकिरी होत जातो. कुडाळजवळच्या या वखारीत आम्ही मे महिन्यात तीन दिवस शूट करत होतो आणि येणारं बहुतेक गिऱ्हाईक आल्या आल्या एकच विचारायचं, सागवान आहे का?

साग चांगलाच, वादच नाही. अंगात तेल असतं म्हणून वाळवी सहसा लांब राहते, पाणी लवकर मुरत नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूरचाच साग गेला. पण आता हे टोक बघा. मधला गडद भाग म्हणजे गाभा, तो टिकतो. भोवतीचं हे पांढरट कडं, ते पण सागच, पण त्याला भुंगाही लागतो आणि वाळवीही, आणि कोवळ्या झाडात हेच पांढरं जास्त असतं. त्यामुळे साग म्हटलं की लगेच पैसे काढू नका, फळी चारी बाजूंनी फिरवून बघा.

आता हा ढीग. दोन फळ्यांच्या मधे आडव्या पट्ट्या ठेवल्यात, हवा खेळायला. वर छप्पर आहे, बाजू उघड्या. टोकांना जाड रंग फासलाय कारण ओल टोकातून भराभर निघून जाते आणि चीर तिथूनच पडते. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना हिशोब आहे, आणि लाकूड लांबीला जवळपास आटतच नाही, आटतं ते रुंदीला, म्हणून रुंद फळीची घाई अजिबात करायची नाही. आमच्याच घरी ओल्या लाकडाचं दार बसवलं होतं, उन्हाळ्यात फटी पडल्या आणि पावसात ते लागेचना. सुतारकाका बघा कसं बोटाने वाजवून बघतायत, सुकलेली फळी टणटण वाजते, ओली भद्द. ओल मोजायचं छोटं मशीनही मिळतं, घरातल्या फर्निचरला १२ टक्क्यांच्या आसपास असली की काम सुरू करायला हरकत नाही.

मग घ्यायचं काय? आधी ती वस्तू घरात कुठे राहणार ते ठरवा. देवघर, कपाट, बाक यांना फणस उत्तम. शिवण नावाच्या झाडाचं लाकूड वजनाला हलकं आणि फारसं वाकत नाही, त्याची शेल्फं छान होतात. आंबा स्वस्त पडतो पण कीड लवकर धरतो, तो बोरिक-बोरॅक्सच्या, म्हणजे कीड रोखणाऱ्या क्षारांच्या पाण्यात बुडवून सुकवलेला घ्या आणि कोरड्या खोलीतच वापरा. रबरवुडचंही, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचंही तेच, स्टडी टेबलाला चालेल, मोरीजवळ नको. ही सावंतवाडीची खेळणी, चितारआळीतली, ही पूर्वी पांगाऱ्याची व्हायची, मऊ आणि हलका म्हणून, पण त्याच पांगाऱ्याचं स्टूल करायला कोणी जाणार नाही.

फणस तोडतात तेवढा लावत नाहीत, हेही इथे सांगितलं पाहिजे.

आणि ही तुळई. पाडलेल्या घरातली आहे, काळी पडलेली. काका आधी लोहचुंबक फिरवतात, आत खिळा राहिला तर रंध्याचं पातं तुटतं. दोन खिळे निघाले. आता रंधा लावतायत.

बघा, आतून अजून सोनेरी आहे.