फोन ठेवायची तालीम

(दृश्य: सोसायटीचं फाटक, वॉचमनची वही)

कोथरूडमधली ही सोसायटी. आत यायचं तर वहीत नाव, फ्लॅट नंबर, वेळ आणि सही. आमच्या कॅमेरामनचीही यातून सुटका झाली नाही. वर तिसऱ्या मजल्यावर जाळीचं सेफ्टी डोअर, आतल्या दाराला साखळी. आणि घरात टीपॉयवर, विणलेल्या रुमालावर, हा मोबाइल. त्याच्यापर्यंत यायला वहीत सही लागत नाही.

(दृश्य: सोसायटीचा हॉल)

शनिवारी चार वाजता खालच्या हॉलमध्ये तालीम असते, फसवणुकीचे फोन मध्येच ठेवून द्यायची. खिडकीपाशी पाठमोरी बसलेली मुलगी आज 'बँकवाली'. खुर्चीत काकू, स्वतः बँकेतूनच निवृत्त झालेल्या.

"नमस्कार मॅडम, हेड ऑफिसमधून बोलतेय. आपलं केवायसी आज संपतंय. सहानंतर खातं ब्लॉक होईल."

काकू सावरून बसतात. "एक मिनिट हं, चष्मा घेते."

मुलगी इथेच थांबवते. चष्मा घ्यायला उठलात म्हणजे पुढचं सगळं ऐकणार! आणि पुढचं बरंच असतं. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे खरं तर ते ॲपच. ती फोनमध्ये घेतली, मेसेज वाचायची परवानगी दिली, की ओटीपी परस्पर भामट्यांकडे पोचतो. तुम्हाला विचारायची गरजच उरत नाही. कधी आपली स्क्रीन त्यांना दाखवणारं ॲप घ्यायला लावतात. कधी म्हणतात, पैसे परत येतायत, फक्त पिन टाका. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही.

मागून प्रश्न येतो: "पण तिला माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे माहीत होते." ते तर दुकानातल्या पावतीवरही छापलेले असतात, काका.

बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी १६००ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत. तरी इथे भर नंबर ओळखण्यावर नाही, फोन ठेवण्यावर आहे. ठेवायचा, आणि पासबुकवरचा किंवा कार्डामागचा नंबर आपण लावायचा. ऐकायला सोपं. पण समोरचा बोलत असताना फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा, हे या पिढीच्या अंगात भिनलंय. पहिल्या खेपेला काकू "बरं, ठेवू का मग?" असं विचारतात. दुसऱ्या खेपेला "सॉरी हं." तिसऱ्या खेपेला हा अंगठा पाहा, लाल बटणावर येऊन थांबलेला. समोरून "मॅडम, ऐका तर" सुरूच आहे.

ठेवला.

(दृश्य: टाळ्या, शेवटच्या रांगेतले काका)

या काकांची एफडी गेली. १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात; त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवलं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमाप्रमाणे ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

(दृश्य: काकूंचं घर, मंगळवार सकाळ)

आम्ही चहा घेत होतो, कॅमेरा चालू होता. फोन वाजला. "बँकेतून बोलतोय." काकूंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मग कपाटातून प्लॅस्टिकच्या कव्हरातलं पासबुक काढलं, चष्मा शोधला आणि पहिल्या पानावरचा शाखेचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचत लावला.

लॉकरच्या करारावर सही राहिली होती. "मगाशी मीच केला होता, काकू," पलीकडचा मुलगा म्हणाला. "तुम्ही कापलात."

काकू सॉरी म्हणाल्या नाहीत.