टीप उसवताना

[दृश्य: शिवणयंत्राची सुई, अगदी जवळून. कापड पुढे सरकतं आणि मध्येच अडकतं.]

कापड अडकलं. वरून टीप सरळ दिसते आहे, पण कापड उलटं केलं की खाली दोऱ्यांचा हा एवढा गुंता. घरी शिवायला बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला तो येतो. गुंता खाली दिसतो म्हणून हातही खालीच जातो. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ काढायची, पुन्हा भरायची, ती बसते त्या डबीचा, म्हणजे बॉबिन केसचा बारीक स्क्रू थोडा पिळायचा, पुन्हा शिवून बघायचं. गुंता तसाच.

कारण बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्यात असतो.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण शिवणकामातल्या बऱ्याच चुका अशाच असतात. दिसतात एका जागी आणि झालेल्या असतात दुसरीकडे, कधी कधी तर आदल्या दिवशी, कापड बेततानाच.

[दृश्य: पारदर्शक झाकणाच्या यंत्रात टाका कसा बसतो, ते संथ गतीने.]

हाताने शिवताना सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं आणि अख्खी सुई कापडातून आरपार जाते. यंत्राच्या सुईचं नेढं मात्र टोकाजवळ असतं. एलायस हाऊ यांनी 1846 साली अमेरिकेत ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात अशी टोकाशी नेढं असलेली सुई होती आणि खालून दुसरा दोरा देणारं शटल होतं. घरातली साधी यंत्रं आजही याच जोडीवर चालतात. सुई खाली जाते आणि किंचित वर येते. त्या क्षणी तिच्या मागे दोऱ्याचा एक लहानसा फास सुटतो. फिरणारा हुक तो फास पकडतो आणि बॉबिनभोवती फिरवून आणतो. मग वरची दांडी उचलली जाते, जास्तीचा दोरा वर खेचते आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मधोमध बसते.

आता वरच्या दोऱ्याला ताणच नसेल तर काय होईल? फास बॉबिनभोवती फिरेल, पण वर खेचला जाणार नाही. तो खालीच साचत राहील. टाक्यामागून टाका आणि फासावर फास. आपल्याला खाली दिसणारा गुंता हा वरच्या दोऱ्याचा असतो. खालचा आणि वरचा दोरा वेगवेगळ्या रंगांचे घेऊन एकदा शिवून पाहा, लगेच डोळ्यांना दिसेल.

ताण जातो तो एका साध्या सवयीमुळे. वरचा दोरा दोन चकत्यांमधून जातो. कापड दाबून धरणारा प्रेशर फूट वर उचललेला असला की त्या चकत्या सैल होतात आणि दोरा मध्ये जाऊन बसतो. फूट खाली असताना दोरा ओवला, तर चकत्या घट्ट मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यावर नुसताच टेकून राहतो. म्हणून ओवताना फूट वर, सुईही वर आणि शिवताना फूट खाली. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागच्या बाजूला बोटांनी धरून ठेवावीत, नाहीतर पहिले काही टाके ती टोकं खाली ओढून घेतात. एवढं करूनही गुंता झाला, तरच ताण कमी-जास्त करणाऱ्या चकतीला हात लावावा. आणि बॉबिन केसच्या स्क्रूला तर अगदी शेवटी.

[दृश्य: वेगवेगळ्या जाडीच्या सुया, शेजारी शेजारी.]

टाके सुटत असतील, म्हणजे दोन टाके बसले आणि तिसरा बसलाच नाही, तर आधी सुईकडे पाहावं. नव्वद नंबरच्या सुईची जाडी असते 0.9 मिलिमीटर. एवढ्या बारीक वस्तूचं टोक बोथट झालं किंवा ती केसभर वाकली, तर ते डोळ्यांना दिसतही नाही. पण फास पकडणारा हुक सुईला जवळजवळ चाटून जातो. सुई जरा बाजूला गेली की फास हुकाच्या हाती लागत नाही. सुई पूर्ण वर सरकवून बसवली नाही, किंवा तिच्या दांड्याची चपटी बाजू चुकीच्या दिशेला राहिली, तरी हेच होतं. यंत्र बिघडलं असं वाटून लोक हताश होतात, तेव्हा पुष्कळदा एक नवी सुई पुरते. पातळ कापडाला साठ किंवा सत्तर नंबरची, डेनिमसारख्या जाड कापडाला शंभर किंवा एकशे दहाची. टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते. ती धागे बाजूला सारून वाट काढते. अणकुचीदार सुई तेच धागे तोडते आणि काही धुण्यांनंतर टिपेच्या कडेने बारीक भोकं दिसू लागतात. टाचणीवरून यंत्र चालवणं मात्र धोक्याचं आहे. सुई टाचणीवर आदळली तर तिचा तुकडा उडून डोळ्याला इजा होऊ शकते. टाचणी सुईपर्यंत पोचायच्या आत काढावी.

यंत्राच्या चुका लगेच समोर येतात. कात्रीच्या चुका दबा धरून बसतात.

[दृश्य: टेबलावर पसरलेलं कापड. काठाला समांतर ठेवलेली मेजपट्टी.]

पँट शिवून झाली आणि एक पाय घोट्याकडे वळतो आहे. शिवण समोर येते आहे. अशा वेळी शिवण कितीही वेळा उसवली तरी पाय सरळ होत नाही, कारण कापड बेततानाच तिरकं पडलेलं असतं. मागावर विणलेल्या कापडात उभे धागे असतात आणि आडवे धागे असतात, आणि या दोन्ही दिशांना कापड फारसं ताणलं जात नाही. दोन्हींच्या मधल्या तिरक्या दिशेला, म्हणजे उरेब, ते सहज ताणलं जातं आणि स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. पॅरिसच्या पोशाखकार मादलेन व्हिओने यांनी 1920 च्या दशकात याच गुणाचा उपयोग करून अंगावर वाहत्यासारखे दिसणारे पोशाख घडवले. व्हिओने सुरुवातीला लहान आकाराच्या लाकडी बाहुलीवर कापड लावून पाहत. म्हणजे उरेब कापड शत्रू नाही. ते न कळत उरेब होतं, तेव्हा घोळ होतो. ज्यावरून कापड बेततात त्या नमुन्याच्या कागदावर जो बाण असतो, त्याच्या दोन्ही टोकांपासून कापडाच्या काठापर्यंतचं अंतर मोजावं. ते अगदी सारखं आलं पाहिजे.

गळ्याचंही तसंच. गळा गोल कापला की त्या गोलाईचा काही भाग उरेब येतो. नुसतं उचलून, टेबलावर ठेवून, अंगाला लावून बघताना तो पसरत जातो आणि मग पट्टी लावताना गळा मोठा निघतो. कापून झाल्या झाल्या, बाकी काहीही करायच्या आत, गळ्याच्या कडेने मायेच्या, म्हणजे शिवणीसाठी जास्त राखलेल्या कापडाच्या आतून एक टीप मारून ठेवावी. खांद्याकडून मध्याकडे, दोन्ही बाजूंनी.

दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघणं ही फार जिव्हारी लागणारी चूक आहे, कारण तेव्हा पुरेसं कापड उरलेलं नसतं. बाहीच्या पुढच्या आणि मागच्या गोलाईत फरक असतो. नमुना एकाच बाजूने ठेवून दोनदा कापलं की दोन जुळ्या बाह्या हाती येतात. कापड दुहेरी घडी घालून कापलं तर हा प्रश्न येतच नाही. आणि चूक झालीच, तर आधी कापडाची उलटी बाजू नीट पाहा. दोन्ही बाजू सारख्या असलेलं कापड असेल तर एक बाही नुसती उलटी केली की काम झालं.

[दृश्य: शिवणीतली माया, पट्टीने मोजताना.]

मापं बरोबर घेतली होती, नमुना बरोबर होता, तरी शर्ट घट्ट. इथे हिशेब करून पाहू. शर्टाच्या घेरात चार उभ्या शिवणी आहेत असं धरा. प्रत्येक शिवणीत ठरलेल्या मायेपेक्षा फक्त 3 मिलिमीटर जास्त आत टीप गेली. शिवणीत दोन थर असतात, म्हणजे एका शिवणीत 6 मिलिमीटर गेले. चार शिवणींचे झाले 24. जवळजवळ एक इंच घेरातून नाहीसा झाला आणि एकाही शिवणीकडे बघून तो सापडणार नाही. शिवताना नजर सुईवर ठेवायची सवय असते. ती काढून टाकावी. सुईच्या बाजूला धातूच्या पट्टीवर ज्या रेघा असतात, त्यांच्याशी कापडाची कड जुळते आहे ना, तिकडे पाहावं.

धुतल्यावर कपडा आखूड होणं ही चूक तर सगळ्यांत आधीची, कात्री लावण्याच्याही आधीची. विणताना आणि नंतर कापड तयार करताना धागे ताणलेले असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ते सैलावतात आणि आखडतात. कपडा पुढे जसा धुतला आणि वाळवला जाणार आहे, तसंच कापड बेतण्याआधी धुवावं आणि वाळवावं. अस्तरही. अस्तर राहून गेलं तर नंतर ते आतून आखडतं, बाहेरचं कापड तेवढंच राहतं आणि चुण्या पडतात.

[दृश्य: उसवणीचं, म्हणजे टाके कापायच्या हत्याराचं टोक एकेका टाक्याखाली जाताना.]

आणि मग उसवणं. मला वाटतं, शिवायला शिकवताना उसवायलाही तितक्याच आस्थेने शिकवायला हवं. दोन्ही हातांनी शिवण फाडून काढली की कापड ताणलं जातं, पातळ कापड तर फाटतंच. एका बाजूने दर चार-पाच टाक्यांनंतर एक टाका कापत जावं. मग उलट्या बाजूचा दोरा अलगद ओढावा, तो लांबच्या लांब निघून येतो. राहिलेले बारीक तुकडे वेचून काढावेत आणि वाफेची इस्त्री दाबून उचलावी, घासू नये. सुती कापडातली सुईची भोकं बरीचशी मिटतात. चामडं आणि प्लॅस्टिकचा लेप असलेलं कापड मात्र भोकं विसरत नाही. तिथे आधी तुकड्यावर शिवून पाहणं हाच मार्ग आहे आणि टाचण्यांऐवजी चिमटे लावावेत.

घाई करू नये ती उसवण्याच्या आधी. टीप कुठे वाकडी झाली, कुठून टाके सैल पडू लागले, चुणी एका थरात आहे की दोन्ही थरांत, हे सगळं तेव्हाच शिवणीत दिसत असतं. दोरा काढला की तो पुरावा गेला. फोटो काढून ठेवला तर उत्तमच.

काज कापताना उसवणीचं टोक सर्रकन पुढे जातं आणि टाके कापून बाहेर पडतं. काजाच्या शेवटाला आडवी टाचणी लावली की टोक तिथेच थांबतं. मायेला कात्रे, म्हणजे छोटे काप देताना कात्री टिपेच्या पलीकडे गेली, तर आतून चिकटणाऱ्या कापडाचा तुकडा इस्त्रीने बसवावा आणि त्यावरून टीप पुन्हा मारावी. समोरच्या बाजूला भोक पडलं असेल तर तिथे खिसा, पट्टी किंवा भरतकाम येऊ शकतं. त्यात कमीपणा काहीच नाही. कित्येक कपडे त्यामुळे अधिक देखणे झालेले असतात.

[दृश्य: तयार शर्ट, आतली बाजू बाहेर करून.]

प्रत्येक चूक उसवायलाच हवी असं नाही. आतल्या दुमडीची टीप दोन मिलिमीटर वाकडी गेली असेल तर ती राहू द्यावी. तिथे पुन्हा पुन्हा उसवून कापडच झिजतं. पण मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, किंवा पँटच्या बैठकीच्या शिवणीत एकही टाका सुटलेला असेल, तर कितीही उशीर झाला असला तरी तेवढा भाग उसवून पुन्हा शिवावा. हात उचलताना आणि खाली बसताना सगळा ताण तिथेच येतो. त्या शिवणींना दुहेरी टीप मारावी.