पातं फिरण्याआधी

(दृश्य: पहाटेचा उजेड. फाटकाशी थांबलेला ट्रक, हौद्यातून बाहेर डोकावणाऱ्या फांद्या.)

लाकूड आणि बागेतला कचरा दळून पुन्हा वापरात आणणाऱ्या या यार्डात पहिली खेप येते तेव्हा ग्राइंडर अजून थंड असतो. ट्रकमध्ये छाटलेल्या फांद्या आहेत, कापलेलं ओलं गवत आहे, मोडलेल्या कुंपणाच्या फळ्या आहेत. तळाशी काय आहे, ते चालकालाही नीट ठाऊक नाही. गाडी वजनकाट्यावर चढते, आकडा उमटतो. खेप कुठून आली, कोणाच्या कामाची, गाडीचा क्रमांक काय, हे सगळं खिडकीतून विचारून लिहून घेतलं जातं. मग हातात आकडी घेऊन एक माणूस ट्रकवर चढतो आणि वरचा थर बाजूला ओढून आत बघू लागतो.

आमचा कॅमेरा या माणसावर रेंगाळणार आहे. तो आत्ता जे बघतो आहे, ते तासाभराने कोणालाच बघता येणार नाही.

(दृश्य: ग्राइंडरचा ड्रम फिरू लागतो. दुसऱ्या टोकाने कुट्टीचा फवारा.)

फळी अख्खी असते तोवर तिला ओळख असते. रंगाचे पापुद्रे, खिळ्यांची भोकं, डांबराचा वास, कुठल्या कामाला ती वापरली होती याच्या खुणा, सगळं तिच्या अंगावर असतं. ग्राइंडरच्या हातोड्यांखालून गेली की ती कुट्टी होते. त्या ढिगात विषारी फळी कुठली आणि स्वच्छ फांदी कुठली, हे मग डोळ्यांनी सांगता येत नाही. लाकूड आणि बागेतला कचरा यांच्या पुनर्वापराचे नियम वाचायला बसलं, तर ते परवाने, तक्ते आणि सह्यांचं जंगल वाटतं. आम्हालाही तसंच वाटलं होतं. काही दिवस फाटकाशी उभं राहिल्यावर कळलं, की यातले बरेचसे नियम ही पुसली जाणारी ओळख जपण्यासाठीच आहेत.

(दृश्य: हातात धरलेली करडी फळी. चाकूने खरवडलेला कोपरा, आत हिरवट छटा.)

ही फळी बघा. वरून करडी, उन्हापावसाने विटलेली. कोपरा खरवडला तर आत हलकी हिरवी झाक. क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक या तिघांच्या मिश्रणात दाबाखाली मुरवलेलं हे लाकूड. सीसीए या नावाने ते जगभर ओळखलं जातं. ही प्रक्रिया १९३३ मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेसम यांनी शोधली. वाळवी आणि बुरशी यांच्यापुढे हात टेकणारं साधं लाकूड तिच्यामुळे जमिनीत कितीतरी वर्षं टिकू लागलं. दर काही वर्षांनी नवा खांब रोवण्याची वेळ टळली आणि तेवढी झाडंही वाचली. शोध खरोखरच मोठा होता.

पण कुंपण कधीतरी मोडतंच. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असं लाकूड तयार करणं २००३ च्या अखेरीस थांबलं. त्याआधी उभारलेली कुंपणं, गच्च्या, बागेतली बाकं मात्र एकेक करून आता निवृत्त होत आहेत आणि अशाच ट्रकमधून फाटकाशी येत आहेत. यातली फळी चुकून कुट्टीत गेली आणि त्या कुट्टीचं आच्छादन, म्हणजे मल्च, झाडांच्या बुंध्याशी पसरलं, तर पावसागणिक आर्सेनिक झिरपून मातीत उतरतं. भट्टीत गेली तर ते धुरात आणि राखेत येतं. कुट्टीला लाल किंवा तपकिरी रंग देऊन विकण्याची पद्धत आहे. रंग चढल्यावर उरलीसुरली खूणही झाकली जाते.

(दृश्य: फळीच्या ताज्या कापावर थेंब टाकणारा हात. डाग किरमिजी होतो.)

म्हणून ही चाचणी. ताज्या कापावर रसायनाचा थेंब टाकला, की तांबं असेल तर डाग किरमिजी होतो, नसेल तर नारिंगी राहतो. काही मिनिटांचं काम आहे. पण हा थेंब तांबं ओळखतो, आर्सेनिक नाही. नव्या काळातल्या आर्सेनिकविरहित संरक्षक द्रव्यांतही तांबं असतं, त्यांचाही डाग किरमिजीच येतो. शंका उरली तर क्ष-किरणांवर चालणारं, हातात धरायचं उपकरण फळीवर टेकवतात, ते मूलद्रव्यांची नावं सांगतं. उपकरण नसेल, तर आम्हाला पटलेला नियम असा: किरमिजी दिसली, की ती फळी बाजूला. वाद नंतर घालता येतो.

बाजूला जाणाऱ्या वस्तूंची यादी लांब आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. रेल्वेच्या स्लीपरांत क्रिओसोट हे डांबरी तेल असतं. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये डिंकासारखी राळ असते. ब्रिटनमध्ये टाकाऊ लाकडाच्या ए ते डी अशा चार प्रती, म्हणजे दर्जे, धरतात. ए म्हणजे स्वच्छ, कशातही न मुरवलेलं, डी म्हणजे घातक. या प्रती फाटकाशीच लावाव्या लागतात. नाकारलेली खेपही काट्यावर तोलली जाते, फोटो निघतो, कारण लिहिलं जातं, ती पुढे कुठे गेली तेही. न घेतलेल्या मालाचं एवढं लिखाण कशाला, असं नवा कामगार हमखास विचारतो. फाटक खरंच राखलं जातं आहे, याचा हाच पुरावा असतो.

(दृश्य: गवताच्या गाठोड्यातून निघणारी वाफ. मग छोट्या कुंड्यांत उगवलेली घेवड्याची रोपं.)

काही गोष्टी मात्र आकडीच्या माणसालाही दिसत नाहीत. हे गवत हिरवं आहे, ताजं आहे, त्यात प्लास्टिक नाही. पण ज्या हिरवळीवर ते वाढलं तिथे क्लोपिरॅलिडसारखं तणनाशक मारलेलं असेल, तर ते कंपोस्टच्या उष्णतेतही टिकतं. गवतवर्गाला त्याचा त्रास होत नाही. घेवडा, वाटाणा, टोमॅटो यांना मात्र अगदी सूक्ष्म अंशही पुरतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेनच्या कंपोस्टमध्ये, २००० च्या सुमारास हेच घडलं. खत चांगल्या भावनेने घातलेल्या बागांतली रोपं वाकडी झाली, पानं चमच्यासारखी वळली.

त्यावरची तपासणी साधी आहे आणि मला ती फार आवडते. तयार खत कुंडीत भरायचं, त्यात घेवडा पेरायचा आणि वाट बघायची. शेजारी स्वच्छ मातीतली एक कुंडी तुलनेला. पानं सरळ उघडली तर माल पुढे जाईल. वळली तर थांबेल. प्रयोगशाळेची मोजणी महाग असते, घेवडा मात्र फुकटात खरं सांगतो. त्या कुंड्यांनाही क्रमांक असतात, आणि कुठल्या वरंब्याचं खत कुठल्या कुंडीत आहे ते लिहिलेलं असतं.

(दृश्य: सोललेल्या सालीखाली नागमोडी बोगदे.)

सालीखालची ही नक्षी एमराल्ड ॲश बोरर या हिरव्या भुंग्याच्या अळीची. हा भुंगा २००२ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटजवळ सापडला आणि तेव्हापासून कोट्यवधी ॲश वृक्ष त्याने मारले आहेत. तो स्वतःच्या पंखांनी फार लांब जात नाही. लांबचा प्रवास त्याला ट्रकने घडवला, जळणाच्या लाकडातून आणि छाटलेल्या फांद्यांतून. त्यामुळे बाधित भागातून लाकूड बाहेर न्यायचं असेल तर किमान दोन मितींत एक इंचापेक्षा लहान कुट्टी करण्याची अट तिथे अनेक वर्षं होती. एवढ्या लहान तुकड्यात अळी वाचत नाही. म्हणजे ग्राइंडरची चाळण झिजून भोकं मोठी झाली, तर ती यंत्राच्या देखभालीपुरती बाब राहत नाही, भुंग्याला वाट मिळते. चाळण कधी बदलली, याची तारीख नोंदवहीत का लागते, ते अशा वेळी कळतं.

(दृश्य: लांबट वरंबे, पहाटेच्या गारठ्यात त्यांतून उठणारी वाफ. लांब दांड्याचा थर्मामीटर आत खुपसला जातो.)

आता ढिगांकडे येऊ. इथे पाला, गवत आणि कुट्टी मिसळून लांबट वरंबे घातलेत. गवतात नत्र जास्त, लाकडात कर्ब जास्त. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र जमला आणि ओल निम्म्याहून थोडी अधिक राहिली, की जिवाणू कामाला लागतात आणि ढीग आपोआप तापतो. या तापण्यावर कायद्याचा भर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सांडपाण्याच्या गाळासाठी ठरवलेली कसोटी बागकचऱ्याच्या खतालाही अनेक ठिकाणी लावतात: वरंब्यात ५५ अंश सेल्सियस किंवा अधिक तापमान किमान १५ दिवस, आणि त्या काळात किमान ५ वेळा उलथापालथ. उलथायचं कारण उघड आहे. बाहेरचा थर थंड राहतो, तिथे रोगजंतू आणि तणांची बी वाचते. प्रत्येक मूठभर मालाला कधी ना कधी गाभ्यातून जावं लागतं.

पण हीच ऊब लगाम सुटला की आग होते.

(दृश्य: धुमसणारा कुट्टीचा ढीग. ज्वाळा नाहीत, फक्त करडा धूर.)

कुट्टीचा मोठा ढीग काडीशिवाय पेटतो. आधी जिवाणू त्याला तापवतात. सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास तेच मरतात, पण तोवर लाकडाचा हवेतल्या प्राणवायूशी रासायनिक संयोग सुरू झालेला असतो, त्यातूनही ऊब निघते आणि त्याला जिवाणूंची गरज उरत नाही. ढीग उंच असेल तर ऊब बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून लोडर फिरवून माल दाबला असेल तर आणखी बिकट. बारीक भुसा आणि जाड कुट्टी यांचे थर एकावर एक पडले असतील, तर त्यांच्या सांध्यात ऊब कोंडते. बाहेरून सगळं शांत दिसतं. पहाटेची वाफ नेहमीचीच असते, तिच्यात धुराचा करपट वास कधी मिसळला, हे नाकाला कळेपर्यंत गाभा काळा झालेला असतो. आणि घाबरून ढीग फोडला, तर आतल्या निखाऱ्यांना नेमकी हवी असलेली हवा मिळते.

इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेच्या मार्गदर्शनात जळाऊ कचऱ्याच्या ढिगाची उंची ४ मीटरपर्यंत, लांबी-रुंदी २० मीटरपर्यंत आणि दोन ढिगांमध्ये ६ मीटर मोकळी जागा अशा मर्यादा आहेत. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत कुट्टीच्या ढिगाला २५ फुटांपर्यंत उंचीची मुभा आहे, म्हणजे जवळपास दुप्पट. ज्यांच्याकडे जागा कमी आहे त्यांना मोठा आकडा सोयीचा वाटणार, हे समजतं. तरीही धुमसता ढीग एकदा जवळून पाहिल्यावर माझं मत लहान आकड्याच्या बाजूने आहे. अशी आग दिवसेंदिवस, कधी आठवडेही चालते. अग्निशामक दल पाणी मारतं, ते पाणी काळं होऊन वाहत निघतं, आणि मग दुसऱ्या परवान्याचा प्रश्न उभा राहतो.

(दृश्य: पावसात काँक्रीटच्या फरशीवरून वाहणारं, कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी.)

लाकडाच्या ढिगातून झिरपलेलं पाणी चहासारखं दिसतं, आणि त्यात चहासारखीच टॅनिनं असतात. वास उग्र नसतो, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटतं. ओढ्यात गेलं, की त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे गुदमरतात. म्हणून पक्की फरशी, उतार, कडेचे चर आणि शेवटी साठवण तळं. अमेरिकेतल्या पावसाच्या पाण्याच्या परवान्यांत नमुना कधी घ्यायचा तेही ठरलेलं असतं: यार्डातून पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या तीस मिनिटांत, कारण सर्वांत जास्त घाण पहिल्या लोंढ्यात असते. मुसळधार पावसात सगळे आडोशाला धावतात, तेव्हा बाटली घेऊन एकजण उलट दिशेला धावताना दिसला, तर तो यासाठी.

धूळ आणि यंत्रांबद्दल थोडक्यात, पण सांगायलाच हवं. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. वरंबे उलथताना अस्परजिलस बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. इंग्लंडमध्ये २५० मीटरच्या आत वस्ती असली की त्यांचा वेगळा अभ्यास मागतात. आणि ग्राइंडरच्या पोटात हात घालण्याआधी वीज तोडून प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. दुसऱ्याच्या कुलपावर विसंबून कोणी आत वाकलेलं आम्ही पाहिलं नाही. असंच राहो.

(दृश्य: कार्यालय. टेबलावर उघडी नोंदवही. बाहेर एका ढिगाभोवती पिवळी फीत.)

तपासणीचा दिवस. निरीक्षक ढिगांत फिरतात आणि एका ढिगातली मूठभर कुट्टी उचलून विचारतात, ही कोणत्या खेपांची? प्रश्न एवढाच. उत्तरासाठी ढिगाच्या क्रमांकावरून दळण्याच्या तारखेकडे जावं लागतं, तारखेवरून खेपांकडे, खेपांवरून फाटकाच्या पानाकडे. सात खेपा निघतात. सहांपुढे तपासणाऱ्याची सही आहे. सातवीपुढे रकाना कोरा. त्या दिवशी पाऊस होता, ट्रकांची रांग लागली होती, आणि वर चढून बघायचं राहिलं असावं. बहुधा फांद्याच होत्या. पण बहुधा हा शब्द त्या रकान्यात लिहिता येत नाही.

ढीग विक्रीतून बाजूला काढला आहे. वेगवेगळ्या जागांवरून नमुने काढून आर्सेनिकच्या तपासणीसाठी पाठवले आहेत. उत्तर येईपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही. विक्री थांबवता येते, आतली ऊब थांबत नाही. म्हणून संध्याकाळी लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन फाटकावरचा तोच माणूस फितीखालून वाकून आत जातो. दांडा पुरता खुपसतो, काटा स्थिरावेपर्यंत थांबतो.

अठ्ठावन्न अंश. तो लिहून घेतो, आणि पुढे सही करतो.