एकच पंचनामा, तीन जागांवरून

सभाध्यक्ष आणि मित्रहो, सरकारी वकील, विधी महाविद्यालयातील अध्यापक आणि बचाव पक्षाचा वकील या माझ्या तिन्ही भूमिकांविषयी बोलावे, अशी संयोजकांची सूचना आहे. आठवणी सांगण्याऐवजी मी त्या तिन्ही ठिकाणी हाताळलेल्या एकाच कागदाविषयी बोलतो. तो कागद म्हणजे मेमोरँडम पंचनामा, अर्थात कोठडीतील आरोपीने ‘हत्यार काढून देतो’ असे पंचांसमक्ष सांगितल्याची नोंद.

पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, मात्र त्यातील ज्या माहितीमुळे एखादी वस्तुस्थिती उघडकीस येते तेवढा भाग पुराव्यात येतो, असा पुरावा कायद्याच्या कलम २७ चा अपवाद होता. १ जुलै २०२४ पासून तो, पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादाच्या तरतुदीत आहे. आमच्या पिढीच्या तोंडी मात्र अजूनही ‘सत्तावीस’च येते.

सात वर्षांच्या वकिलीनंतर सत्र न्यायालयात अतिरिक्त सरकारी वकील म्हणून उभा राहू लागलो, तेव्हा हा पंचनामा मला खटल्याचा कणा वाटे. पंच फितूर झाला तरी तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर जप्ती शाबीत करता येते, हा युक्तिवाद मी किती वेळा केला याची मोजदाद नाही. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे, हे तत्त्व मला पाठ होते. १९९५ च्या शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील सहायक सरकारी अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या नियंत्रणातून बाहेर काढण्याचा आदेश दिला, तोही याच कारणासाठी. परंतु सकाळी फाईल हाती पडावी आणि अकरा वाजता साक्षीदार पिंजऱ्यात असावा, अशा दिनक्रमात त्या तत्त्वाला वेळ मिळत नाही, हे कबूल केले पाहिजे.

तो वेळ मला शिकवताना मिळाला. वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत विधी अध्यापन करण्याची मुभा आहे, त्यामुळे सकाळचे तास मी घेत असे. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यातील प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपिली न्यायपीठाचा, १९४६ चा निर्णय मी न्यायालयात असंख्य वेळा उद्धृत केला होता. वर्गात तो ओळीने वाचताना प्रथमच नीट समजला. ‘घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो’ या वाक्याने सुऱ्याचा शोध लागत नाही, कारण सुऱ्याचा शोध फार पूर्वीच लागलेला आहे, असे न्यायमूर्तींनी काहीशा मिस्कीलपणे म्हटले आहे. उघडकीस येते ती सुरा लपवल्याची जागा आणि त्या जागेचे आरोपीला असलेले ज्ञान. ‘याच सुऱ्याने मी भोसकले’ हे शब्द वगळावेच लागतात. सुरा गुन्ह्यात वापरला गेला, हे स्वतंत्र पुराव्याने शाबीत करावे लागते. ‘मग जागा पोलिसांना आधीच ठाऊक असेल तर?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले. जे आधीच ठाऊक आहे ते आरोपीच्या माहितीमुळे उघडकीस आले असे म्हणता येत नाही, हे उत्तर मी दिले. पण हा प्रश्न मी सरकारी वकील असताना माझ्याच तपास अधिकाऱ्याला कधी विचारला नव्हता.

पुढे खासगी वकिलीत तो प्रश्न माझ्या उलटतपासणीचा आरंभ झाला. ज्या प्रकरणांत सरकारतर्फे काम केले, त्यांत आरोपीतर्फे उभे राहता येत नाही. तो प्रश्न नव्या प्रकरणांतच विचारावा लागला. पुण्यातील सारडा खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य, म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराविना केवळ परिस्थितीवर उभ्या असलेल्या पुराव्याच्या पाच कसोट्यांची ‘पंचसूत्री’ त्या निकालातली. गुन्हा ‘केला असावा’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ यांतील अंतर त्यात अधोरेखित झाले आहे, आणि मेमोरँडम पंचनामा पुष्कळदा त्या अंतरातच सापडतो.

आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करावे लागते. हा बदल मला स्वागतार्ह वाटतो. तरीही छपरातून सुरा निघताना दिसला, तरी कॅमेरा सुरू होण्यापूर्वी ती जागा कोणाला ठाऊक होती हे त्या चित्रणात दिसत नाही. त्यासाठी पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतील नोंद किती वाजताची आहे आणि पंचांना कोणी, केव्हा व कोठून बोलावले, हे आजही पिंजऱ्यातील अधिकाऱ्यालाच विचारावे लागते.